सेकंडचा माणूस

आमच्या आप्पांना गाणं येत नव्हतं, आणि ते सरकारी शाळेत गाण्याचे मास्तर होते. ही गोष्ट गावात तिघांनाच ठाऊक होती. आप्पांना, अव्वाला म्हणजे माझ्या आईला, आणि मला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं अव्वा म्हणायची खरी, पण ते म्हणताना तव्यावरची भाकरी हमखास करपायची.

आप्पांचं नाव महालिंगप्पा. जळकोटापासून दोन कोसांवर आमचं गाव. निजामाचं राज्य होतं. निम्मं गाव घरात कानडी बोलायचं, बाजारात मराठी, आणि कचेरीत गेलं की जमेल तसली उर्दू. आमचं धान्याचं दुकान होतं. 'आमचं' हे नुसतं म्हणायला. दुकान दोड्डाप्पांचं, म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाचं, कल्याणप्पांचं. घरही त्यांचंच. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो, आणि पुढच्या सोप्यात दोड्डाप्पा खोकले की मागं आमचं बोलणं थांबायचं.

तरुणपणी आप्पांना भावानं करडईच्या गाड्यांबरोबर गुलबर्ग्याला पाठवलं. करडई पोचली, गाड्या परत आल्या, आप्पा आले नाहीत. तिथं मैदानात पलटणीचा बँड वाजत होता. तो ऐकायला हा माणूस उभा राहिला तो तिथलाच झाला. छाती बघून बँडवाल्यांनी गळ्यात भला मोठा पितळी भोंगा अडकवला. अर्धं आयुष्य आप्पांनी तो फुंकला. मधून मधून रजेवर घरी यायचे. एका रजेत लग्न झालं, एका रजेनंतर मी झाले. शेवटी छातीत कळ यायला लागली तेव्हा पलटणीनं भोंगा काढून घेतला आणि माणूस परत पाठवला. येताना त्यांनी एकच वस्तू आणली, भोंग्याला तोंडाशी लावायची पितळी वाटी. ती ते राखेनं घासून चकचकीत ठेवायचे.

दोड्डाप्पांना त्या वाटीची शिसारी होती. आपण लिंगायत माणसं, दुसऱ्याचं उष्टं पाणी तोंडाला लावत नाही, आणि हा दहा जणांच्या थुंकीचं पितळ चाटून आला. त्यांनी मठातल्या स्वामींना बोलावलं, आप्पांना तीर्थ पाजून शुद्ध करून घेतलं आणि दुकानात तराजूपाशी बसवलं. गाव आप्पांना 'उष्ट्या पितळेचा' म्हणायला लागलं. तोंडावर नाही, पण कानावर पडेल एवढ्या मोठ्यानं.

आता बँडात राहून गाणं कसं येत नाही, ते सांगते. बँडात सगळेच चाल वाजवत नाहीत. पुढचे चार जण चाल वाजवतात, लोक त्यांच्याकडं बघून माना डोलावतात. मागचे खालून आधार धरतात. त्याला बँडात सेकंड म्हणतात. तेच ते दोन-चार सूर, पण जिथं हवे तिथं नेमके. आप्पा जन्मभर सेकंड वाजवत आले. चाल कधी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पुढं पुढं कानच तसा झाला. चाल म्हणायला तोंड उघडलं की दुसऱ्याच ओळीला ते घसरून खाली आपल्या जागी जाऊन बसायचे.

अव्वाचं नाव रुद्रम्मा. धान्य निवडताना ती शिवाची कानडी पदं म्हणायची. तिच्या गळ्याबद्दल मी काय बोलू, मी तिचीच लेक. पण ती म्हणायला लागली की आप्पा हातातलं काम टाकून मागच्या दारात येऊन बसायचे आणि खालून घुमायला लागायचे. दोघांचं मिळून ते पद असं काही उभं राहायचं की माझ्या अंगावर काटा यायचा. सगळं अगदी हळू आवाजात. पुढं सोप्यात दोड्डाप्पा असायचे, आणि थोरल्या दिराच्या कानावर बाईनं आवाज जाऊ द्यायचा नाही ही आमच्याकडची रीत. अव्वा त्यांच्यासमोर एक शब्द बोललेली मी कधी पाहिली नव्हती. काही सांगायचं झालं तर ती मला सांगे आणि मी जाऊन त्यांना सांगे. मी नसले तर ते सांगणं राहून जाई.

फसली सन १३५३ लागायच्या जरा आधी, म्हणजे इंग्रजी १९४३ च्या पावसाळ्यात, जिल्ह्याच्या कचेरीतून हुकूम आला. ज्या शाळेला गाणं जाणणारा माणूस मिळेल तिथं रोज एक तास गाण्याचा सुरू करावा. तपासणीला मुलं नीट गायली तर तास कायम आणि मास्तरही कायम. नाही गायली तर दोन्ही बंद.

आमच्या शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, बशारत साहेब. कामाला वाघ, आणि वरचा अधिकारी म्हटलं की शेळी. ते तडक दुकानात आले.

"महालिंगप्पा, तुमी बँडात होते ना?"

"व्हय जी."

"तो हो गया! उद्यापास्नं मास्तर तुमी."

एवढीच परीक्षा झाली. बँडात काय वाजवत होता, हे त्यांनी विचारलं नाही. सगळ्या गावात वाजंत्र्याच्या पलीकडं कुणाला काही कळत नव्हतं, वासरांत लंगडी गाय शहाणी. त्यांनी वर लिहून पाठवलं की आमच्या गावी पलटणीच्या बँडातला पक्का गवई आहे, आणि वरूनही मंजुरी आली.

अव्वानं ताट वाढता वाढता विचारलं, "तुमी बोलला का न्हाय, म्हनून?"

"बोलायला तोंड उघडलं व्हतं," आप्पा म्हणाले. "तेवढ्यात त्यांनी मास्तर म्हनलं."

अव्वानं ताटात भाकरी टाकली. मी त्याच शाळेत चौथीत होते. भिंतीच्या कडेला आम्ही पाच मुली बसायचो आणि बाकी सगळी पोरं. आप्पांची मूठ उघडली तर ती माझ्यादेखत उघडणार होती.

आप्पांनी जे येत होतं ते शिकवलं. शाळेत पेटी नाही, तबला नाही. दुकानातून त्यांनी ओंजळभर ज्वारीचा कोंडा आणला. तो तळहातावर ठेवून हळूहळू फुंकायचा, एका दमात जरा जरा करून संपवायचा. एकदम उडाला तर पुन्हा पहिल्यापासून. पोरांना वाटलं, ही काय गंमत. पण महिन्याभरात ज्यांच्या तोंडून पाढे नीट निघत नव्हते त्यांचा सूर लांबवर टिकायला लागला. मग त्यांनी पोरांना सेकंड शिकवलं. चाल कुठून आणायची हा प्रश्न होता, तो अव्वानं सोडवला. बुकात मोटेचं एक पद होतं, 'मोट आली, पाट भरला, रानोरानी पाणी.' तिनं त्याला एका कानडी पदाच्या वळणाची चाल लावली आणि ती चुलीपुढं मला शिकवली. मी ती शाळेत बाकीच्या चौघींना शिकवली. आप्पा फक्त म्हणायचे, "चन्नम्मा, लाव आवाज," आणि मी सुरुवात करायची.

पोरांना सारखं वाटायचं, आपणही मुलींसारखं वर जावं. आप्पा त्यांना मुलींच्या बाजूचा कान बोटानं बंद करायला लावायचे.

"पोरी वर चालल्यात, चालू द्या. तुमी खाली बसा. खालचा उठला तर वरचा पडतोय."

पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढं कान उघडे ठेवूनही त्यांना चाल धरता येईना. आप्पांना वाटलं, झकास झालं. मास्तर सेकंडचा असला की सगळी शाळा सेकंडची होते, एवढं त्या भोळ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

तपासणीचा दिवस ठरला. बहमन महिना, थंडीचे दिवस, पहिल्या तुरी खळ्यावर आलेल्या. मोहतमिम साहेब, म्हणजे जिल्ह्याचे शाळा तपासणारे मोठे साहेब, तुळजापूरची शाळा बघून मोटारीनं आमच्याकडं येणार होते. बशारत साहेबांनी भिंतींना चुना लावून घेतला. आप्पांनी फेटा धुऊन वाळत घातला. आणि आदल्या संध्याकाळी घात झाला.

जळकोटच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा चालली होती. मी अकरा वर्षांची, पण तेव्हा तेच वय. त्या घरचा माणूस तूर विकायला दुकानात आला होता. येताना शाळेवरून आला, आणि आत मी आवाज लावत होते. तो दोड्डाप्पांना म्हणाला, "पोरांच्या म्होरं वरडत व्हती ती पोरगी तुमचीच का?"

झालं. दिवे लागायच्या वेळी सोप्यात माणसं जमली. दोड्डाप्पा, मठातले स्वामी, गावातली चार वजनदार माणसं. बाकीच्या चार मुलींचे बापही त्यातच होते. आप्पा मध्ये उभे. मी आणि अव्वा आतल्या दाराआड.

"तुळजापूरच्या देवळाम्होरं परडी घेऊन बसवनार हायस का लेकीला?" दोड्डाप्पा कडाडले. देवीच्या नावानं जोगवा मागणाऱ्या परडीवाल्या बायकांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं देव जाणे, पण त्या वेळी कोण विचारणार. "पैलं सोता उष्टं पितळ फुंकून आलास. आता घरातल्या बायांचा गळा चव्हाट्यावर मांडतुयास?"

"आण्णा, उद्याच्या दिस जाऊ द्या," आप्पा म्हणाले. "उद्या पोरी गायल्या न्हायत तर समदं बुडतंय. तास बुडतोय. पोरास्नी दुसऱ्यांदा कोन शिकवनार न्हाय."

"बुडू दे. तराजू हाय की तुला."

मग दोड्डाप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि स्वामींकडं बघत म्हणाले, "म्या काय गान्याच्या इरुद्ध न्हाय. देवाचं हाय ते. उंबऱ्याच्या आत काय गायाचं ते गावा, कितीबी गावा, माझा शब्द हाय, कोन आडवनार न्हाय. पन उंबरा वलांडून न्हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. चारही मुलींच्या बापांनी हात जोडले आणि आपापल्या मुली घरी ठेवायचं कबूल केलं. माणसं गेल्यावर दोड्डाप्पांनी मला पुढं बोलावून एक थोबाडीत दिली. अव्वा दाराआडून बघत होती.

सकाळी आप्पा लवकर शाळेत गेले. पोरांना मुलींची चाल शिकवता येते का बघायला. ते कसं जमणार! आप्पा स्वतः दुसऱ्या ओळीला घसरले आणि त्यांच्यामागं सगळी पोरं घसरली. तेवढ्यात मोटारीचा आवाज आला.

त्या दिवशीचं शाळेतलं मी पाहिलेलं नाही. पण बशारत साहेबांनी पुढं ते इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखंच झालं आहे. मोहतमिम साहेब धुळीनं खोकत आले. हिसाब घेतला, उर्दूचं वाचन घेतलं, एकदोघांचे कान उपटले. मग म्हणाले, "हाँ, वो तुम्हारा गाने का मास्टर? सुनाओ."

आप्पांनी हात वर केला. पोरांनी सुरू केलं. नुसतं सेकंड. जरा वर, जरा खाली, मग बराच वेळ एकाच जागी. आवाज भरलेला, सूर खणखणीत, सगळ्यांची सुरुवात एकदम आणि शेवट एकदम, आणि गाण्याचा पत्ता नाही. ताटवाटी मांडावी, पाणी ठेवावं आणि ताटात काहीच वाढू नये, तसं ते झालं.

साहेबांनी हात वर करून थांबवलं. "ये गाना है के हाजरी? इसकी चाल किधर है?"

पोरं आप्पांकडं बघायला लागली.

"मास्टर, तुम गा के बताओ."

आप्पांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला ते खाली गेले आणि तिथंच राहिले. मागं एक पोरगं फिदीफिदी हसलं. साहेब बशारत साहेबांकडं वळले. "आपने लिखा था ये आदमी गवैया है. सरकार को झूठ लिखते हैं आप?"

बशारत साहेबांच्या कपाळावर थंडीत घाम आला. ते सांगायचे, "चन्नम्मा, त्या घडीला मला माझी नोकरी दारातनं भायेर जाताना दिसली."

तेव्हा आप्पा पुढं झाले. "हुजूर, त्यांची चूक न्हाय. त्यांनी इचारलं बँडात व्हता का, म्या व्हय म्हनलं. काय वाजवीत व्हतो ते सांगितलं न्हाय. म्या सेकंडचा मानूस. मला गानं येत न्हाय."

इतके महिने झाकलेली मूठ त्यांनी आपल्या हातानं उघडली.

"तो सिखाया क्या फिर?"

"निम्मं शिकवलं. ते ह्यांच्यापाशी हाय. वरचं निम्मं माझ्या घरात हाय."

"तो लाओ इधर."

"आनता येत न्हाय, हुजूर. उंबरा वलांडायचा न्हाय असा शब्द पडलाय. पन आपल्याला तिथवर जाता येतंय."

साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. "क्या हौला आदमी है," काय खुळा माणूस आहे, असं काहीतरी पुटपुटले आणि मोटारीकडं चालायला लागले. तेवढ्यात बशारत साहेब, जन्मात कधी वरच्यापुढं मान वर न केलेला माणूस, मागून म्हणाला, "हुजूर, घर मोटार के रास्ते में ही पडता है."

हे पुरतं खरं नव्हतं. मोटारीला वळसा पडत होता.

मी आणि अव्वा मधल्या खोलीत तूर पाखडत होतो. मधल्या खोलीतून सोपा, सोप्यातून गल्लीचं दार, सगळं एका रेषेत. दार उघडं होतं. आधी पायांचा आवाज आला, पुष्कळ पायांचा. मग दारासमोर पोरांच्या रांगा दिसल्या, मागं मोटार, मोटारीपाशी टोपीवाला साहेब. शेजारच्या दुकानातून दोड्डाप्पा काठी घेऊन बाहेर आले.

"काय तमाशा मांडलायस ह्यो?"

आप्पा उंबऱ्याबाहेर एका पावलावर थांबले. "आण्णा, म्या आत येत न्हाय. आन् आतलं कोन भायेर येनार न्हाय. तुमचा शब्द तुमच्यापाशी."

मग त्यांनी आमच्याकडं पाठ केली, पोरांकडं तोंड केलं आणि हात वर केला. सेकंड सुरू झालं.

अव्वाच्या हातातलं सूप थांबलं. मला कळलं, आता मी आवाज लावायचा. मी तोंड उघडलं. गालावरची थोबाडीत अजून ठणकत होती. तोंडातून नुसता वारा आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बाहेर पोरं पदाच्या शेवटाला आली. थांबली. गल्लीत इतकं शांत झालं की मोटारीचं इंजिन कडकड करत निवताना ऐकू आलं.

आप्पांनी पुन्हा हात वर केला. पुन्हा पहिल्यापासून. आत वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही, हाक मारली नाही. हाक मारली असती तर अव्वा गेलीच नसती असं मला वाटतं. नवऱ्याच्या हाकेवर दिराचा मान मोडणारी ती बाई नव्हती. तिचं तिला ठरवायचं होतं. ती सुपातल्या तुरीकडं बघत होती. दाराच्या चौकटीत दोड्डाप्पांची सावली पडली होती, काठीसकट.

दुसरी फेरीही संपली. साहेब मोटारीत एक पाय ठेवून उभे. "बस हुआ, मास्टर," ते म्हणाले.

आप्पांनी तिसऱ्यांदा हात वर केला. या वेळी पोरं दमली होती, आवाज खाली बसायला लागला होता. तेव्हा आप्पांनी स्वतः सूर धरला. छातीत कळ येते म्हणून पलटणीनं घरी पाठवलेला माणूस, त्यानं त्या छातीतून असा काही खर्ज काढला की सोप्यातली भांडी घुमली.

अव्वा उठली. हात लुगड्याला पुसले. दिरासमोर घेतात तसा पदर डोक्यावरून नीट पुढं ओढला. सोपा ओलांडून ती दारापाशी गेली आणि तिच्या पायांची बोटं उंबऱ्याच्या लाकडाला टेकली तिथं थांबली. आणि तिनं आवाज लावला.

मोट आली, पाट भरला.

तो आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. दोड्डाप्पांनी एका घरात राहून ऐकला नव्हता. खाली पोरांनी इतका वेळ रिकामा धरलेला आधार आणि वर तिची चाल. दुसऱ्या ओळीला माझा गळा सुटला आणि मी धावत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. समोरच्या घराच्या दारात एक मुलगी आली, आमच्यातलीच एक. तीही आपल्या उंबऱ्याच्या आतूनच गायला लागली. तिच्या बापानं तिला धरायला हात पुढं केला आणि मग स्वतःच्याच उंबऱ्याकडं बघून मागं घेतला.

दोड्डाप्पांनी काठी उचलली होती. त्यांनी अव्वाच्या पायांकडं बघितलं. बोटं आत होती. त्यांनी काठी खाली केली. दुकानात जाऊन तराजूपाशी बसले आणि गिऱ्हाईक नसताना ज्वारी तोलायला लागले.

पद संपलं तेव्हा साहेबांचा मोटारीतला पाय खाली आला होता. मग आप्पांना म्हणाले, "मास्टर, क़ायदे में जगह एक ही आदमी की है. जो चाल नहीं गा सकता, उसको गाने का मास्टर कैसे लिखूँ?"

"न्हाय लिहिता येत, हुजूर," आप्पा म्हणाले.

"ये बीबी मदरसे में आएँ तो तास रहेगा. हंगामी उस्तानी लिखता हूँ. नहीं आएँ, तो बंद."

उस्तानी म्हणजे शिकवणारी बाई. सगळी गल्ली अव्वाकडं बघायला लागली. आप्पा सोडून. ते खाली मान घालून पोरांच्या रांगा सरळ करत होते. त्यांची मास्तरकी गेली होती, आणि ती जाते आहे हे ठाऊक असूनच ते पोरांना दारात घेऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं आणि मला रडू फुटलं.

अव्वा बोलली. दोड्डाप्पांना ऐकू जाईल अशी, त्यांच्या हयातीत पहिल्यांदा, आणि माझ्याकरवी नाही.

"पोरी येनार असतील तर येते."

दुसऱ्या सकाळी तिनं उंबरा ओलांडला तो गाठोडं घेऊनच. दोड्डाप्पांनी मागच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. शब्दाचा माणूस, गाण्याला आडवा आला नाही, पण घरात ठेवायचा शब्द त्यानं कुठं दिला होता? आम्ही शाळेजवळ भाड्याच्या घरात गेलो. जळकोटचं स्थळ मोडलं. बरं झालं, तूर विकायला येऊन दुसऱ्याच्या पोरीवर कान ठेवणारी माणसं ती. पाचापैकी चौघी मुली शाळेत आल्या, पुढं आणखी आल्या.

बशारत साहेबांनी आप्पांना शाळेत शिपाई म्हणून ठेवून घेतलं. घंटा वाजवायची, पाणी भरायचं. बायको उस्तानी आणि नवरा घंटेवर, गावाला चघळायला दुसरं काही लागलं नाही. मला लाज वाटायची, रागही यायचा. एकदा मी त्यांना तसं बोलले. त्यांनी घंटेचा हातोडा खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "चार म्हैने मास्तर म्हनून घेतलं की. पोट भरलं." आणि गाण्याचा तास लागला तसे जाऊन पोरांच्या शेवटच्या रांगेमागं उभे राहिले. रोज राहायचे. अव्वा वरून शिकवायची, ते खालून धरायचे.

रझाकारीच्या दिवसांत शाळा बंद पडली, पोरं सोलापूरकडं पांगली. पोलीस अॅक्शन झाली, नवं सरकार आलं, शाळा पुन्हा उघडली. अव्वानं तास सुरू केला आणि पुढच्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. आप्पांनी घंटेचं काम सोडलं. दिवसभर ओसरीवर बसायचे, हातात ती पितळी वाटी. गाण्याचा तास असायचा त्या वेळची घंटा शाळेतून ऐकू आली की त्यांचं घुमणं सुरू व्हायचं. दोन-चार सूर, तेच ते, मध्ये थांबत थांबत. शेजारीण म्हणायची, म्हाताऱ्याला भ्रम झाला. भ्रम कसला! मोटेचं सेकंड होतं ते, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एक जागा चुकत नव्हती.

एक दिवस मला ते नुसतं ऐकवेना. मी भाकरी थापता थापता वरची चाल धरली, अव्वाची. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात आडवा केला, पोरांना थांबवायला करायचे तसा.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिची ओळ संपू दे."

मी थांबले.